आधी नियमपत्रिका, मग बालप्रतिभा : शब्दखेळांच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख आणि शब्दखेळांच्या निर्मितीसंस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

शब्दखेळाचा कार्यक्रम जरा थंडावला की 'बालप्रतिभा विशेष' भागांची जाहिरात सुरू होते. सात-आठ वर्षांचं मूल, त्याच्या हनुवटीपर्यंत येणारं टेबल, समोर मोठी माणसं आणि पडद्यावर 'चालताबोलता शब्दकोश' अशी अक्षरं. ही मुलं खरोखर तयारीची असतात. कोणाच्या पाठांतराचा आवाका अफाट असतो, तर कोणाला अक्षरांची उलटापालट डोळ्यांसमोर दिसते. त्यांना पडद्यावर आणू नका असं आम्हाला म्हणायचं नाही. पण ज्या नियमांवर ते मूल जिंकणार किंवा हरणार, ते नियमच कुठे लिहिलेले नसतात. त्याचा भुर्दंड दर वेळी मुलाला बसतो आणि हे आता गप्प बसून पाहवत नाही.

पालकांच्या हाती पडणाऱ्या कागदात चित्रीकरणाचे हक्क, मोबाइल जमा करण्याची सूचना, कोणत्या रंगाचे कपडे नकोत हे सगळं तपशिलात असतं. खेळाबद्दल बहुधा एकच ओळ असते : 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' कोणत्या कोशाच्या आधारे अंतिम, हे मात्र त्यात नसतं.

आम्ही शब्दकोडी रचणारी आणि शब्दस्पर्धांत पंच म्हणून बसणारी माणसं आहोत. तुमच्या पडद्यावर चमकलेली मुलं पुढे आमच्या स्पर्धांत येतात. बरोबर शब्द देऊनही सगळ्यांसमोर चूक ठरलेली मुलं बहुधा कुठेच येत नाहीत. म्हणून हे पत्र.

१. फलकावरचं अक्षर

'स्वातंत्र्य' हा शब्द किती अक्षरी? चौथीतलं मूल सांगेल, तीन : स्वा, तं, त्र्य. ग्राफिक्सच्या संगणकाला विचाराल तर उत्तर त्यातल्या आज्ञावलीवर अवलंबून. युनिकोडचे (संगणकातल्या अक्षरांसाठी जगभर वापरलं जाणारं प्रमाण) सुटे संकेत मोजणारी आज्ञावली ११ सांगते, कारण काना, अनुस्वार, पाय मोडल्याचं चिन्ह ही तिच्या लेखी सगळी वेगवेगळी. त्याहून जरा शहाणी पण जुनी आज्ञावली जोडाक्षर पाय मोडला तिथे तोडते आणि ६ सांगते : स्, वा, तं, त्, र्, य. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या प्रमाणात आला तो २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. त्याआधीची साधनं अजूनही सर्रास वापरात आहेत. म्हणजे अक्षरामागे एक गुण धरला तर एकाच शब्दाला तीन, सहा किंवा अकरा गुण मिळू शकतात. जोडाक्षरांत रमणाऱ्या मुलाचा अख्खा डाव यावर फिरतो. हा प्रश्न संगणकवाल्यांवर सोडू नका. नियमपत्रिकेत एवढं लिहा : सुटा स्वर किंवा स्वर लागलेलं व्यंजन, मग त्यात कितीही व्यंजनं जोडलेली असोत, एक अक्षर, अनुस्वार-विसर्ग वेगळे मोजायचे नाहीत.

उत्तरं संगणकातल्या यादीशी ताडत असाल तर आणखी एक खड्डा आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. 'ॲप'मधला ॲ एका संकेताचाही असतो आणि अ वर चंद्र देऊन दोन संकेतांचाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. यादी एका पद्धतीने केलेली आणि मुलाचं उत्तर टंकणारा मदतनीस दुसऱ्या पद्धतीचा, की फलकावर येतं 'शब्द सापडला नाही'. ताडून पाहण्याआधी दोन्ही बाजू एकरूप करून घेणं हे जाणत्या माणसाला अवघड काम नाही. ते होईपर्यंत 'नाही' हा निकाल माणसाने द्यावा, यंत्राने नव्हे.

फलक भरायचा कसा, हा तर याहून मोठा घोळ. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या 'काउंटडाउन' या दूरचित्रवाणीवरच्या खेळाचा साचा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो : स्वरांचा एक गठ्ठा, व्यंजनांचा दुसरा, त्यांतून अक्षरांच्या नऊ पाट्या, तीस सेकंद आणि सर्वांत लांब शब्दाला गुण. इंग्रजीत हे चालतं कारण तिथे स्वर सुटा आहे. मराठीत व्यंजनं चौतीस. प्रत्येकाची बाराखडी धरली की ४०८ पाट्या होतात, त्यात जोडाक्षरं आलीच नाहीत. डोळे मिटून त्यांतल्या नऊ उचला. 'ठौ', 'ढै', 'छः' असलं काहीबाही हाती येतं आणि शब्द निघत नाही. मग निर्मितीचा चमू पाट्या आधीच निवडून ठेवतो. निवडून ठेवल्या की उत्तर कोणाला तरी आधीपासून ठाऊक असतं. इथे खेळाचा प्रामाणिकपणा लोकांच्या भरवशावर येतो, व्यवस्थेच्या नाही.

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे वापराच्या प्रमाणात पाट्या करणं : क, त, न, म, र, ल, स यांची सुटी, कान्याची आणि वेलांटीची रूपं भरपूर, ठ, ढ, झ मोजकी, 'ठौ' नाहीच. दुसरी म्हणजे पाटीवर फक्त व्यंजन ठेवून स्वरचिन्हं मोकळी सोडणं. क, म, ल या तीन पाट्यांतून मग कमल, कमाल, कोमल, कलम असे शब्द निघतात. मुलांच्या भागांसाठी आम्ही दुसरी वाट सुचवू. फलक वांझ निघण्याची भीती जवळपास संपते, त्यामुळे पाट्या खरोखर पिसून काढता येतात. या पद्धतीत वेलांटी-उकार बरोबर लिहिण्याची जबाबदारी स्पर्धकावर येते, ते योग्यच आहे. पण कोणती पद्धत, हे चाचणीच्या आधी जाहीर झालं पाहिजे, कारण दोन्हींची तयारी वेगळी असते.

आधी निवडलेल्या पाट्या वापरणारच असाल तर संच बंद पाकिटांत असावेत, चमूबाहेरच्या माणसाकडे असावेत आणि दोन्ही स्पर्धकांसमोर उघडले जावेत. हा संशयीपणा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रश्नमंजुषांत आवडत्या स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली जात होती. 'सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर चॅलेंज'मध्ये ३२ हजार डॉलर जिंकलेली बालकलाकार पॅटी ड्यूक हिलाही तशी तयारी करून दिली होती, आणि तिला ते अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत सांगावं लागलं. १९६० साली तिथे कायदा बदलून असा बनाव गुन्हा ठरवला गेला. उत्तर पुरवणारे मोठे होते. जाब द्यायची वेळ मुलीवरही आली.

२. 'असा शब्दच नाही' हे कोण ठरवतं?

या पत्रातला सर्वांत कळीचा मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठी शब्दांची सर्वांत मोठी खाण म्हणजे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० मध्ये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. आणि आज शाळेत शिकवले जातात ते मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडली. म्हणजे दोन्ही मोठे कोश आजच्या नियमांच्या आधीचे. कोशात 'कवि', 'गुरु', 'नांव' सापडतं. आजच्या नियमाने 'कवी', 'गुरू', 'नाव'. आता विचार करा, घरातले जुने खंड वाचून तयार झालेलं मूल कोणतं रूप लिहील? बालप्रतिभा म्हणून तुम्ही ज्याला आणता, नेमकं तेच मूल या फटीत अडकतं. वर्गात फक्त पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलावर ही वेळ येत नाही.

उपाय साधा आहे आणि तो दोन भागांत लिहायचा आहे. शब्द आहे की नाही, हे कोश ठरवेल. तो कसा लिहायचा, हे १९६२ चे नियम ठरवतील. जुन्या लेखनाचं उत्तर आलं तर काय, तेही ठरवा : आमच्या मते मुलांच्या फेरीत अर्धे गुण द्यावेत आणि निवेदकाने दोन्ही रूपं फलकावर दाखवावीत. पाहणाऱ्यांनाही काही मिळेल.

मग रूपांचा प्रश्न. कोशात 'घर' आहे; 'घरात', 'घराने', 'घरापुढे' नाही. विभक्तीची रूपं चालतात असं म्हणाल तर चलाख स्पर्धक प्रत्येक फलकावर 'त', 'ने', 'चा' शोधत बसतो आणि शब्दसंपत्तीचा खेळ शेपूट जोडण्याचा होतो. चालत नाहीत म्हणाल तर तसं लिहा. कोशात क्रियापद 'करणे' असं असतं. 'करतो', 'केलं', 'करून' यांचं काय? अनेकवचनाचं काय? 'फूल'चं 'फुलं' घेतलं तर 'फुले'ही घ्यावं लागेल. आमचा सल्ला असा : नामाचं मूळ रूप आणि अनेकवचन चालेल, सामान्यरूप आणि विभक्ती नाही, क्रियापदाचं णे-रूप तेवढं चालेल, विशेषणाची तिन्ही लिंगांची रूपं चालतील, विशेषनामं नाहीत. दुसरी कोणतीही विभागणी केलीत तरी आमची हरकत नाही. फेरी चालू असताना परीक्षकांनी एकमेकांकडे बघून ती करू नये, एवढंच.

बोलीतल्या शब्दांवर सर्वांत जास्त अन्याय होतो. वऱ्हाडातलं किंवा कोकणातलं मूल घरातला शब्द टाकतं, परीक्षक हसतात, 'हा तुमच्याकडचा असेल, पण प्रमाण मराठीत नाही.' महाराष्ट्र शब्दकोशात असे हजारो शब्द प्रदेशाच्या खुणेसह नोंदलेले आहेत. खंड बाजूला ठेवून निकाल देणं ही परीक्षकाची हौस झाली. हाच न्याय 'टेबल', 'स्टेशन', 'पेन' यांना. कोशात नोंदलेलं उसनं नाम हा मराठी शब्दच; नव्या शब्दांसाठी एक पुरवणी यादी करा आणि ती स्पर्धेआधी खुली करा.

परीक्षकांच्या खुर्चीत कोण बसतं, हेही बोललं पाहिजे. लोकप्रिय कवी, अभिनेत्री, वक्ते यांना बसवण्यात गैर काही नाही, कार्यक्रमाला रंग भरतो. पण उत्तम कविता करणारा माणूस कोशही तितकाच चाळतो असं नाही. त्यांच्या शेजारी कोशाचे खंड आणि लेखननियम घेऊन बसलेला एक पंच हवा. 'हा शब्द नाही' असं जाहीर करण्यापूर्वी त्याने तो उघडून पाहिलाच पाहिजे. त्यात दीड-दोन मिनिटं जातील; तुम्ही संकलनात कापालच ती.

आठ वर्षांचं मूल प्रसिद्ध माणसाला 'तुमचं चुकतंय' असं म्हणत नाही. घरी त्याला तसं न म्हणायलाच शिकवलेलं असतं. म्हणून आक्षेप घेण्याचा हक्क सोबतच्या पालकाला किंवा शिक्षकाला द्या, आणि चित्रीकरण संपायच्या आत तो निकाली काढा. चूक नंतर लक्षात आली तर फेरी पुन्हा खेळवा. प्रसारणानंतर लक्षात आली तर पुढच्या भागात निवेदकाने स्पष्ट शब्दांत दुरुस्ती सांगावी, पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत नको.

३. घड्याळ, बझर आणि पडलेले दात

सहा-सात वर्षांचं मूल म्हणजे पुढचे दुधाचे दात पडलेलं मूल. त, थ, द, स नीट फुटत नाहीत. त्यात मराठीत ऱ्हस्व-दीर्घ नुसत्या उच्चारावरून कळत नाही. मूल 'कवी' म्हणालं तर वेलांटी पहिली की दुसरी? परीक्षक 'पुन्हा सांग बाळा' म्हणतात, सभागृह हसतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मूल आपलाच शब्द बदलतं. तोंडी उत्तर हेच निकालाचं साधन ठेवू नका. प्रत्येकाला लिहायची पाटी आणि जाड खडू-पेन द्या. आधी अक्षरसंख्या सांगायची, मग पाटी वळवायची. लिहिलेलं तेच उत्तर.

मोठ्यांना तीस सेकंद पुरतात, कारण त्यांचं लिहिणं दोन सेकंदांत उरकतं. मुलाला पाच अक्षरी शब्द लिहायला दहा-पंधरा सेकंद सहज लागतात. विचाराची वेळ आणि लिहिण्याची वेळ वेगळी ठेवा. घंटा वाजली की विचार थांबला, त्यानंतर पंधरा सेकंद फक्त लिहिण्यासाठी, सगळ्यांनाच.

बझर ही फेरी तुम्हाला आवडते कारण ती वेगवान दिसते. पहिला दाबणारा बाकीच्यांची बटणं बंद करतो, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा फरक निर्णायक. बटणाची कमान मोठ्यांच्या तळव्यासाठी घट्ट असेल, टेबल उंच असेल, मूल खोक्यावर उभं असेल आणि तोल सांभाळत असेल, तर तो अर्धा सेकंद शब्दज्ञानाचा नसतो. टेबलाची उंची कोपराइतकी, पायाखाली घट्ट आधार, आणि खेळापूर्वी प्रत्येक स्पर्धकाला त्याच बटणावर दाबून पाहण्याची संधी. हे जमत नसेल तर मुलांच्या भागातून बझर काढा.

फलकावरच्या अक्षरांचा ठसाही (फाँट) बघा. नक्षीदार ठशात दुरून घ-ध, भ-म, थ-य एकच दिसतात आणि 'ख'चा 'रव' होतो. ग्राफिक्सच्या यंत्रात बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श असतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ठरलेली मराठी वळणं वेगळी, आणि मूल पुस्तकात तीच पाहतं. मोठ्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. सात वर्षांचं मूल एक-दोन सेकंद अडतं.

शेवटचं, आणि हे फार जणांच्या ध्यानात येत नाही : तांत्रिक बिघाडाने फेरी थांबली तर त्याच पाट्यांवर ती पुन्हा सुरू करू नका. मोठ्या स्पर्धकाने मधल्या वेळात शब्द शोधलेला असतो. मुलाला कोणीतरी पाणी प्यायला नेलेलं असतं. नव्या पाट्या, नवी फेरी.

४. शुद्धलेखनाची फेरी

निवेदक म्हणतो, 'लिहा, दिन.' दिवस या अर्थाचा दिन की गरीब या अर्थाचा दीन? सुत की सूत, शिर की शीर? अर्थ न सांगता असा शब्द देणं म्हणजे नाणं उडवणं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत मुलाला शब्दाचा अर्थ, व्याकरणातली जात, मूळ भाषा, वाक्यात उपयोग आणि पर्यायी उच्चार विचारता येतो. आपल्याकडे तर मूळ विचारण्याला फार महत्त्व आहे, कारण 'गुण' आणि 'विष' तत्सम म्हणून ऱ्हस्व आणि 'फूल', 'ऊस', 'सून' मराठी म्हणून दीर्घ. मुलाला अर्थ, वाक्य आणि 'तत्सम आहे का?' हे तीन प्रश्न विचारू द्या. त्यासाठी लागणारा वेळ त्याच्या वेळेतून कापू नका.

त्याच स्पर्धेत २०१९ साली आठ मुलं एकदम विजेती ठरली, कारण आयोजकांकडचे शब्द त्यांना पुरे पडले नाहीत. त्यांनी मुलांवर खापर फोडलं नाही. २०२१ पासून अर्थाचे प्रश्न आणि बरोबरी सोडवणारी वेळेची फेरी नियमांत घातली. आपल्याकडे बरोबरी झाली की परीक्षक आपापल्या आठवणीतला एखादा दुर्मीळ शब्द काढतात. बरोबरीचे शब्द आधी ठरवून, काठिण्य जोखून, पाकिटात ठेवा.

५. मुलाचा दिवस

चौदा वर्षांखालच्या मुलांना दृक्श्राव्य मनोरंजनात घेण्याला बालकामगार कायद्याने २०१६ च्या दुरुस्तीत अटींसह सूट दिली, आणि २०१७ च्या नियमांत त्या अटी लिहिल्या : जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक नाही, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती, मुलाच्या इच्छेविरुद्ध सहभाग नाही, आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. 'पण हे स्पर्धक आहेत, कलाकार नव्हेत,' असं तुमचे वकील सांगतील. त्या वादात आम्ही शिरत नाही. थकवा दोन्हीकडे सारखाच असतो. स्पर्धक मुलांनाही याच मर्यादा लावा, आणि रंगभूषा, प्रकाशयोजना, 'जरा थांबा, पाच मिनिटं' यांत गेलेला वेळ त्या पाच तासांत धरा.

एका दिवसात तीन-चार भाग उरकले जातात. जिंकणारं मूल कपडे बदलून पुन्हा उभं राहतं, प्रेक्षकांना तो दुसरा दिवस वाटतो. शब्द शोधणारी बुद्धी सकाळच्या पहिल्या डावात जशी चालते तशी संध्याकाळच्या तिसऱ्यात चालत नाही. ताजा आव्हानवीर मात्र तेव्हाच येतो. मुलाला दिवसाला दोनच डाव, मध्ये जेवण आणि तासभर मोकळा वेळ. संध्याकाळी सातनंतर मुलांचं चित्रीकरण नको.

६. कॅमेरा कुठे वळतो

हरलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा पुढे सरकतो, व्हायोलिन सुरू होतं, मग आईचा चेहरा, मग पुन्हा मूल. हे थांबवा. मूल रडलं तर चित्रीकरण थांबेल, आणि तो तुकडा जाहिरातीतही वापरला जाणार नाही, हे करारात लिहा. विचाराची वीस सेकंदं कापून मूल 'क्षणात' उत्तर देतं असं दाखवणंही बंद करा. त्या भासाशी तुलना होऊन दुसऱ्या कुठल्या घरात दुसरं मूल ओरडा खातं. दुसऱ्या फेरीतली प्रतिक्रिया इथे चिकटवणं तर सरळ खोटेपणा आहे.

निवेदकांसाठीही चार गोष्टी. 'घरी किती तास बसवतात?', 'मार मिळतो का?', 'वर्गातली मुलं ढ वाटतात का?' हे प्रश्न नकोत. मूल खरं उत्तर देतं, आणि ते उत्तर त्याच्या शाळेत पोचतं. बुद्ध्यांकाचे आकडे सांगू नका. पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र पडद्यावर देऊ नका. हिंदी प्रश्नमंजुषेत जरा आगाऊ बोललेल्या मुलाची समाजमाध्यमांवर कशी चिरफाड होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुलांच्या ध्वनिचित्रफितींखालचे अभिप्राय बंद ठेवा, आणि मूल किंवा पालक म्हणतील तेव्हा ती फीत काढून टाकण्याची हमी द्या.

७. बक्षीस

जाहीर होणारी रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांत फरक असतो, कारण अशा बक्षिसावर ३० टक्के कर उगमातच कापला जातो. वस्तू बक्षीस दिली तर वस्तू ताब्यात मिळण्यापूर्वी तो कर भरला गेलेला असावा लागतो. बरेचदा तो भुर्दंड कुटुंबावर पडतो. पडद्यावर हाती येणारी रक्कम सांगा. मुलांना वस्तू देणार असाल तर कर तुम्ही भरा.

वरच्या मागण्यांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, आधी बसून लिहून काढावं लागतं. पुढच्या बालविशेष भागांच्या चाचण्या जाहीर करण्यापूर्वी संपूर्ण नियमपत्रिका तुमच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा : अक्षर मोजण्याची पद्धत, पाट्यांचा संच, मान्य कोशांची नावं आणि आवृत्त्या, चालणारी रूपं, आक्षेपाची पद्धत, वेळापत्रक, कराराचा नमुना. निर्मितीशी संबंध नसलेला पंच नेमा आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत द्या. चित्रीकरणाच्या दिवशी पालकांनी तक्रार घेऊन कोणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव आणि क्रमांक प्रवेशपत्रावर छापा. नियमपत्रिकेचा मसुदा आम्ही विनामोबदला करून देऊ. आक्षेपार्ह वाटेल ते तुम्ही खोडा, फक्त का खोडलं तेही लिहा. ती प्रसिद्ध होईपर्यंत मुलांना अशा भागांसाठी तयार करण्याचं आणि त्यांची नावं सुचवण्याचं काम आम्ही थांबवत आहोत. जाहीर उत्तराची वाट पाहतो.

आपले,
शब्दकोडी रचणारे आणि शब्दस्पर्धांचे काही पंच